भरतीचे घड्याळ आणि अभ्यास

परीक्षा जवळ आल्या की अभ्यास कसा करावा यावरील व्याख्यानांना ऊत येतो. पहाटे उठा, रोज ठरलेल्या वेळी बसा, घरात शांत कोपरा राखून ठेवा. हा उपदेश ज्या घरांना गृहीत धरतो, ती घरे किनाऱ्यावर फारशी नाहीत.

बोईसर-तारापूरजवळच्या दांडीसारख्या मच्छीमार गावात घराचे घड्याळ समुद्र चालवतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि होड्यांचे येणे-जाणे, मासळीची निवड, बाजाराची धावपळ तिच्यामागोमाग सरकत राहते. आज रिकामी असलेली पहाट आठवड्याने कामाची होते. अशा घरातील मुलीला 'वेळापत्रक पाळ' असे सांगणे म्हणजे आठ दिवसांत तिने स्वतःलाच आळशी ठरवावे, याची सोय करणे होय. अभ्यास घड्याळाच्या काट्याला न बांधता प्रसंगाला बांधावा, असे आमचे मत आहे. बोंबील वाळत घालून झाल्यावर, बोईसरच्या रिक्षात बसल्यावर, जेवणाची ताटे उचलल्यावर. वेळ बदलली तरी प्रसंग चुकत नाही.

पण त्या वीस मिनिटांत करायचे काय? बहुतेक विद्यार्थी वाचलेलेच पुन्हा वाचतात, ओळी रंगवतात. वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि ओळखीलाच ज्ञान समजले जाते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांना अधिक आठवत होते. वाचनाचा फायदा असा फसवा असतो, म्हणूनच गाइडांचा बाजार तेजीत राहतो.

कोळीवाड्याला ही रीत नवी नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासाने निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे कोणी तक्ता घोकून शिकत नाही. तिथी मनात आणायची, हिशेब करायचा आणि चुकला तर समुद्र दाखवून देतो. आठवणे, पडताळणे, काही दिवसांनी पुन्हा आठवणे. हेच मूल वर्गात आले की आम्ही प्राध्यापक मंडळी त्याच्या हाती तयार टिपणे ठेवतो! त्याऐवजी कवितेचा तास संपताना पुस्तके मिटवून चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहवून घ्याव्यात, आणि त्याच कवितेवर पंधरवड्याने पुन्हा. त्यासाठी पाच मिनिटे लागतात. अभ्यासक्रम 'पूर्ण' करण्याच्या घाईत तीच सापडत नाहीत.

सत्राचे गणितही किनाऱ्याच्या उलट आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत या घरांना जाळ्यांच्या डागडुजीपलीकडे थोडी उसंत असते. नेमका तेव्हा महाविद्यालयांत प्रवेशांचा गोंधळ चालू असतो. परीक्षा येतात त्या होड्या समुद्रात असताना.