‘आले तसे पाठवले’ ही सबब आता पुरे

मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा पुन्हा मुले पळवणाऱ्या टोळीचा संदेश आला. गावाचे नाव नाही, तारीख नाही, पोलीस ठाण्याचा उल्लेख नाही. खाली फक्त ‘आले तसे पाठवले’. मी विचारले, “ही बातमी कुठली?” उत्तर आले, “सर, लोकांना सावध केले तर बिघडले काय?” त्यावर चार जणांनी अंगठे दिले.

काय बिघडते ते सांगतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठेचून मारले, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत. त्या दिवसांत देशभर फिरणारी अपहरणाची एक चित्रफीत मुळात कराचीत, मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेली होती. शेवटचा खुलासा कुणीतरी कापला होता. कापणारा एक असेल. पुढे पाठवणारे आपल्यासारखेच, ‘सावध करणारे’ होते.

त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबावर असाच जमाव चालून गेला. एका स्थानिकाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलीस आले, म्हणून ती माणसे वाचली. ग्रुपवर सगळेच ‘सावध’ होते. दार उघडायला मात्र एकच माणूस पुढे आला.

फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांचे निमित्त होऊन जून २०१४ मध्ये पुण्यात मोहसीन शेखचा बळी गेला. त्या चित्रांशी त्याचा काही संबंध नव्हता. तेव्हा आपण म्हणालो, शहानिशा का केली नाही? बरोबरच होते. मग तोच प्रश्न आपल्या ग्रुपवर विचारला की राग का येतो?

आपल्याकडे तर याची शिस्त शेकडो वर्षांची आहे. हदीस सांगणाऱ्याला सनद द्यावी लागे: कुणाकडून ऐकले, त्याने कुणाकडून, आणि तो माणूस विश्वासाचा होता का. साखळीतली एक कडी कच्ची निघाली तरी रिवायत जईफ ठरे. सूरह हुजुरातमध्ये बातमीची खात्री करून घेण्याचा हुकूम आहे. जुम्म्याला हे ऐकायचे आणि घरी येऊन बिनसनदी मजकूर पन्नास जणांना पाठवायचा, हे कसले दीन?

काही अ‍ॅडमिन कायदा दाखवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे की सदस्याच्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. मान्य. पण कोर्टाने सोडले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही. व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्येच भारतात एका वेळी पाच चॅटवरच पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. बोटाला लगाम कंपनीने घातला. मनाला कोण घालणार?

उर्दूत ‘खातिरजमा’ म्हणजे मनाची निश्चिंती. तोच शब्द मराठीत ‘खातरजमा’ झाला आणि त्याचा अर्थ झाला पक्की खात्री. दोन्ही अर्थ मला एकच वाटतात: खात्री नसेल तर मन निश्चिंत राहू नये.

म्हणून मी ग्रुपवर विचारत राहणार: कुठली, कधीची, कुणी सांगितली? उत्तर नसेल तर पाठवू नका. मास्तर किरकिर करतात म्हणा. राईनपाड्यात त्या दिवशी अशी किरकिर कुणी केली असती, तर कदाचित पाच घरे उघडी पडली नसती.