दोन एकर, एक आराखडा आणि शेळी

नैसर्गिक शेतीचं कुठलंही शिबिर घ्या, वक्ता पाच मिनिटांत देशी गाईवर येतो. अशाच एका शिबिरात मी हात वर करून विचारलं, "साहेब, माझं दोन एकर कोरडवाहू रान. गाय बारा महिने खाईल काय?" उत्तर आलं, "इच्छा असली की सगळं होतं." मी वही मिटली.

औसा तालुक्यातलं हे दोन एकर भावाबहिणींच्या वाटण्या होऊन माझ्याकडे आलं. अब्बांच्या शेवटच्या वर्षांत इथं नुसतं सोयाबीन असायचं. ऐन शेंगा भरताना पावसानं ओढ दिली की पीक गेलं. बियाण्या-खताची उधारी मात्र तशीच. लहान रानाचा आराखडा करताना माझ्या मते पहिला प्रश्न हाच: एक पीक गेलं तर घरात काय उरतं?

म्हणून आता एका एकरात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर आहे. तुरीची मुळं खोल जातात, पावसाच्या खंडात ती तग धरते. दुसऱ्या एकरात खरिपाला मूग-उडीद, त्यांच्या मागं रब्बीची ज्वारी आणि थोडा हरभरा. कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, त्यातलं काही ज्वारीच्या कामी येतं. हरभऱ्याच्या कडेनं करडई; काट्यांमुळं जनावर आत शिरत नाही. दादीच्या काळी हे सगळं होतंच, सोयाबीनच्या लाटेत पुसलं गेलं.

पण हा आराखडा उभा आहे तो शेळ्यांवर. आमची उस्मानाबादी शेळी एका वेताला बऱ्याचदा दोन करडं देते. तुरीचं भुसकट, बांधावरचा शेवगा, हादगा, सुबाभूळ हे तिचं खाणं, आणि तिच्या लेंड्या रानाचं खत. गोठा मुद्दाम चढाच्या अंगाला बांधला. तिथं पाणी तुंबत नाही आणि खताच्या पाट्या उताराकडे नेणं सोपं जातं. शेळी झाडं संपवते, हा आरोप खरा आहे. मोकळी सोडली तर बांधावर एक रोप राहणार नाही. म्हणून बांधून ठेवायची आणि पाला कापून आणायचा. हे रोजचं काम आमच्याकडे बहुतेक वेळा बायको करते. ते न सांगता आराखड्याचं श्रेय घेणं लबाडी होईल.

गाईचा आग्रह धरणाऱ्यांनी एक सांगावं. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही, तो दारात पोसावा लागतो. याची झळ फक्त कुरेशींना बसली असं कुणाला वाटत असेल तर माझ्या बांधाला बांध असलेल्या नानांना विचारा. जुनी जोडी गेल्यावर त्यांनी नवी घेतलीच नाही. ट्रॅक्टर भाड्यानं येतो, शेणखत विकत आणावं लागतं. शिबिरात यावर कुणी बोलत नाही.

शेळीचा पैसा येतो बकरी ईदला. कुर्बानीचा बोकड वर्षाचा पुरा लागतो, गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे सतरा-अठरा महिने आधीपासून हिशेब धरावा लागतो. 2025 मध्ये ईद 7 जूनला, अगदी मिरगाच्या तोंडावर आली. बोकडाच्या पैशांत बियाणं आलं, सावकाराचं दार पाहावं लागलं नाही. पण ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते. दहा वर्षांनी ती फेब्रुवारीत येईल आणि मिरग जिथल्या तिथं. मधले तीन-चार महिने पैसा घरात टिकवायचा कसा? मी बँकेचं बोललो. बायको म्हणाली, "बँकेतला पैसा तुम्ही काढता. त्यापेक्षा दोन तरण्या शेळ्या घ्या, मिरगाला एक विकू."

तिच्यासाठी वैरण वाढवायची तर वरच्या बांधावर आणखी शेवगा लावावा लागेल. फांद्या नानांकडून आणायच्या ठरल्या आहेत.