इंग्रजी शिकवू या, पण मराठीचा हात धरून

आमच्या सीमेवरील गावांतून नांदेडमार्गे काचीगुडा गाठायचे आणि जवळच्या अंबरपेठेत नातलगाकडे पथारी टाकून काम शोधायचे, ही वाट जुनीच आहे. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला, तरी पोटाची वाट बदलली नाही. आजोबांच्या पिढीला तेथे उर्दू लागे, आजच्या मुलांना इंग्रजी लागते.

आमचा एक माजी विद्यार्थी अंबरपेठेतील एका वर्कशॉपात लागला. हातात कसब चांगले. एकदा मशीनची दुरुस्ती चालू असताना पाळी संपली. त्याने वहीत लिहिले, ‘मशीन इज रिपेअर्ड’. पुढच्या पाळीच्या माणसाने काम झाले असे समजून बटण दाबले. सुदैवाने कोणाचा हात आत नव्हता. लिहायला हवे होते, ‘इज बीइंग रिपेअर्ड’.

या मुलाने दहावीपर्यंत ‘राम किल्ड रावण’चे ‘रावण वॉज किल्ड बाय राम’ शंभरदा केले होते. गुणही मिळवले होते. मग दोष कोणाचा? आम्हा शिक्षकांचाच. आम्ही वाक्ये उलटीसुलटी करायला शिकवले. ती कोठे, कशासाठी वापरतात हे शिकवले नाही.

‘मी पत्र लिहिले’ हा मराठीत कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र ‘आय रोट अ लेटर’ हे कर्तरीच. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जाते ते ‘पत्र लिहिले गेले’. हा फरक वर्गात सांगितला जात नाही, आणि मुले कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे धरून बसतात. काळांचेही तेच. हाक आली की आपण जागेवरूनच ‘आलो, आलो’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, यायचे मात्र अजून असते. तेच ‘आय केम’ म्हणून सांगितले तर साहेब बुचकळ्यात पडणारच. ही गाठ सोडवायला मराठीच पक्की हवी.

म्हणूनच इंग्रजीसाठी मराठी शाळा सोडणे आम्हांस मान्य नाही. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. अंबरपेठेच्या शेजारीच १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते, तरी इंग्रजी सक्तीचा विषय होता. मराठी मुलांना ती उर्दूही परकीच होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पण माध्यम वेगळे आणि विषय वेगळा, एवढे त्यावरून कळते.

आमच्या समितीची सूचना साधी आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत एक तास कामाच्या इंग्रजीला द्यावा. रजेचा अर्ज, पाळीची वही, सूचनाफलक, पगारपत्रक हेच धडे. ‘शिफ्ट’, ‘ओव्हरटाइम’, ‘अ‍ॅडव्हान्स’ हे शब्द मुलांना येतात. अडते ते वाक्यात. दिवाळीला गावी येणाऱ्या मुलांनी कोरे फॉर्म आणि सूचनांच्या नकला शाळेला आणून द्याव्यात. याला पैसा लागत नाही.

‘वेजेस विल बी पेड’ म्हणजे मजुरी दिली जाईल. ‘वेजेस हॅव बीन पेड’ म्हणजे दिली गेली आहे. आमच्या मुलाने सही करण्यापूर्वी एवढा फरक ओळखावा. त्याच्या घामाचा दाम या दोन वाक्यांच्या मध्ये अडकलेला असतो.