घर आणि यंत्र : खोलण्यापूर्वी तपासा

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब इंदूरहून ओंकारेश्वरास निघालो होतो. वाटेत चहासाठी थांबलो. पुन्हा किल्ली फिरविली, तर इंजिन नुसतेच कण्हले. सोबत वृद्ध मातोश्री, दिवस मावळतीला आलेला. गाडी ढकलून सुरू केली आणि एका मिस्त्रींकडे नेली. त्यांनी न तपासताच अल्टरनेटर बिघडल्याचे सांगितले. आम्हीही मुकाट्याने नवा बसविला. आठवड्याने तेच दुखणे! खरा दोष होता बॅटरीच्या सैल, पांढरी बुरशी चढलेल्या टर्मिनलचा. हा भुर्दंड वाचकांना पडू नये, म्हणून हे चार शब्द.

प्रथम इंजिन बंद ठेवून डोळ्यांनी पाहावे. टर्मिनले घट्ट व स्वच्छ आहेत ना? अल्टरनेटरचा पट्टा सैल वा चिरलेला नाही ना? मग साधा मल्टिमीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२च्या आसपास आकडा असल्यास ती रिकामी समजावी व आधी भरून घ्यावी.

आता इंजिन सुरू करून दिवे लावावेत. बॅटरीवर बहुधा १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. आकडा १२.६च्या वर चढतच नसेल, तर भरणा होत नाही. तरीही घाई नको. पट्ट्यापासून हात व पदर दूर ठेवून अल्टरनेटरच्या जाड तारेच्या टोकावर मोजावे. तेथे १४.२ आणि बॅटरीवर १३.२ आल्यास अल्टरनेटर निर्दोष आहे. विजेची गळती वाटेतल्या तारेत वा जोडात होते आहे. दोन्हीकडे आकडा कमीच असेल, तर फ्यूज पाहावा. किल्ली फिरविताच बॅटरीचा तांबडा दिवा लागतो का, तेही पाहावे; न लागल्यास त्याच्या तारेत दोष असू शकतो. हे सारे ठीक असेल, तरच अल्टरनेटरवर संशय घ्यावा.

चालू इंजिनात बॅटरीची तार काढून पाहण्याची जुनी युक्ती मात्र कटाक्षाने टाळावी. तिने गाडीतील इलेक्ट्रॉनिक भाग जळतात. अलीकडच्या काही गाड्यांत संगणकच व्होल्ट कमीजास्त करतो. तेथे गाडीची पुस्तिका प्रमाण मानावी.

नाडी पाहिल्यावाचून शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याकडे आपण जात नाही. मग गाडीच्या बाबतीत तरी का जावे?