पीपीई किट: खरा धोका उतरवताना

एप्रिल उजाडला की आरोग्य केंद्रांत उष्माघात कक्ष सुरू झाल्याच्या बातम्या येतात. रुग्णासाठी कूलर, सलाईन, बर्फ अशी तयारी होते. पण ऐन उन्हाळ्यात साथ आली, तर पीपीई किटमधल्या नर्सचं आणि वॉर्डबॉयचं काय? २०२१ नंतर हा प्रश्न मागेच पडला.

दुसरी लाट आली तीच एप्रिल-मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना. दवाखाने पुरेनात म्हणून मंगल कार्यालयं, शाळा, वसतिगृहांत कोविड सेंटर उघडली गेली. पारनेर तालुक्यात भाळवणीला तत्कालीन आमदार नीलेश लंके यांनी ११०० खाटांचं केंद्र उभं केलं. मंगल कार्यालयात किंवा पत्र्याखाली किट घालून उभं राहणं म्हणजे काय, हे ज्यांनी ड्युटी केली त्यांनाच ठाऊक.

अंग थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. किटचं कापड विषाणूला अडवतं, तसंच वाफेलाही अडवतं. घाम आतच साचतो, चष्म्यावर वाफ धरते. लघवीला जाता येत नाही म्हणून कर्मचारी पाणीच पीत नाहीत. मग डोकं दुखतं, चक्कर येते, हात थरथरतात.

आणि नेमकी याच अवस्थेत किट उतरवायची वेळ येते. किटची बाहेरची बाजू दूषित असते. आधी हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर करत गुंडाळायचा, नंतर चष्मा आणि सगळ्यात शेवटी मास्क, तोही मागच्या पट्ट्यांना धरून. मध्ये प्रत्येक वेळी हात स्वच्छ करायचे. सकाळी ताजंतवानं असताना हे जमतं. जीव गुदमरलेला माणूस मात्र आधी मास्कच ओढतो. त्याला निष्काळजी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण दोष ड्युटीच्या आखणीचा आहे.

उपाय निघाले नव्हते असं नाही. मुंबईत शिकणाऱ्या निहाल सिंग आदर्श या विद्यार्थ्याने डॉक्टर आईचे हाल पाहून किटमध्ये गाळलेली हवा सोडणारं, कमरेला बांधायचं यंत्र बनवलं. बॅटरी सहा ते आठ तास, तेव्हाची किंमत ५,४९९ रुपये. प्रत्येक उपकेंद्राला ते परवडेलच असं नाही. पण २०१४ च्या इबोला साथीत पश्चिम आफ्रिकेत साधी शिस्त पाळली गेली: आत साधारण तासभरच थांबायचं, आणि किट उतरवताना समोर दुसरा माणूस उभा राहून एकेक पायरी सांगणार. त्याला यंत्र लागत नाही, लागतात माणसं. आणि रिक्त पदांचं घोडं तिथेच अडतं.

उतरवण्याच्या जागेचंही तसंच. बहुतेक वेळा जिन्याखालचा कोपरा त्यासाठी दिला जातो. तिथे सावली, पंखा, आरसा, वाहतं पाणी आणि बसायला स्टूल, एवढं तरी हवं. भारनियमनात पंखा बंद पडणार नाही, हेही आधीच पाहायला हवं.

१० आणि ११ एप्रिल २०२३ ला देशभर कोविडचं मॉक ड्रिल झालं. खाटा, ऑक्सिजन, औषधं, किट यांचा साठा तपासला गेला. पुढचं ड्रिल जिल्ह्यातल्या चौदाही तालुक्यांत मे महिन्यात, दुपारी दोन वाजता घ्यावं. एका कर्मचाऱ्याला तासभर किटमध्ये काम करू द्यावं आणि मग तो ते कसं उतरवतो, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी समोर उभं राहून पाहावं.