पिठाचा कोंबडा आणि मुन्ना भैया



काल दशलक्षणाचा नववा दिवस. रोज एक अध्याय याप्रमाणे तत्त्वार्थसूत्राचा नववा अध्याय वाचून झाला. त्यात रौद्रध्यान आलं. हिंसेत आनंद मानणारं ते हिंसानंदी, असं पंडितजींनी समजावलं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर बस्तीच्या कट्ट्यावर येतो न येतो तोच विषय निघाला वेबसिरीजचा. एक वहिनी म्हणाल्या, "ती नको बघूस गं. चार भाग झाले तरी एक खून नाही. नुसतं बोलणं." दुसरीने लगेच एक भारी सिरीज सुचवली, पहिल्या दहा मिनिटांतच दोन जण जातात म्हणे. दोघींचाही उपवास होता. आणि मी काय केलं? नाव विचारून मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

सिरीज बघू नका, मुलं बिघडतात, हे सांगून सगळ्यांचं झालंय. ते मला सांगायचं नाही. माझं भांडण आपल्या मतांशी आहे. 'स्लो आहे', 'थरार नाही', 'दुसरा सीझन पहिल्यासारखा नाही'. एरवी सुईच्या टोकाएवढा जीव मरू नये म्हणून आपण पाणी गाळतो, दिवस मावळायच्या आत जेवतो. आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून मुडदे कमी पडल्याची तक्रार करतो.

'मिर्झापूर'चंच घ्या. २०१८ साली पहिला सीझन आला. त्यातला मुन्ना भैया सुरुवातीलाच वरातीत गंमत म्हणून गोळी झाडतो आणि नवरदेव मरतो. शेवटी भर लग्नात तो बबलूला मारतो आणि पोटुशी असलेल्या स्वीटीलाही. दुसऱ्या सीझनच्या शेवटी तो स्वतः मरतो. जुलै २०२४ मध्ये तिसरा सीझन आला, तर प्रेक्षकांची ओरड काय? मुन्ना नाही, मजा नाही. मग ऑगस्टमध्ये एक जादा भाग काढून मुन्नाला परत पडद्यावर आणलं. स्वीटी पाहिजे, असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पाप तीन वाटांनी येतं, हे आपल्याला पाठशाळेपासून पाठ आहे: कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं नाही, करवलं नाही, पण 'वा, काय मारलाय' म्हटलं, तर ती अनुमोदना नाही तर काय? आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यात दुःश्रुती हा वेगळा प्रकार आहे. चित्त कलुषित करणाऱ्या गोष्टी ऐकणं. तेव्हा टीव्ही नव्हता, पण माणसाचे कान हेच होते.

"अगं पण ते नाटक आहे, खरं कोण मरतं?" असं माझी जाऊ म्हणते. तिला मी यशोधर राजाची गोष्ट आठवायला सांगितली. वाईट स्वप्न पडलं म्हणून आई चंद्रमतीने देवीला बळी द्यायला सांगितलं. राजा जिवंत प्राणी मारायला तयार नव्हता, म्हणून तडजोड झाली पिठाच्या कोंबड्याची. कुणीही मेलं नाही, फक्त कणीक कापली गेली. पण मनात मारण्याचा भाव होता, आणि तेवढ्यावर दोघांना मोर-कुत्र्यापासून किती तिर्यंच योनी फिराव्या लागल्या! आपल्या हातातला रिमोट हा पिठाचा कोंबडाच आहे.

यावर जाऊबाई म्हणाल्या, "मग त्या गोष्टीतही राणी नवऱ्याला विष घालतेच की." खरं आहे. पण ती गोष्ट ऐकताना 'आता अजून एक विषप्रयोग हवा होता' असं कुणाला वाटत नाही. गोष्ट मेलेल्या जिवाचा हात सोडत नाही, जन्मोजन्मी त्याच्याबरोबर जाते. सिरीजमधला मेलेला पुढच्या दृश्यात विसरलेला असतो.

सगळ्या सिरीज एका मापाच्या नाहीत, हेही सांगते. २०२३ ची 'दहाड' मी पूर्ण पाहिली. एक मास्तर बायकांना लग्नाची आशा दाखवतो आणि विष देऊन मारतो. प्रेतं सार्वजनिक शौचालयात सापडतात. पळून गेली म्हणून घरच्यांनी लाजेने मुलीचा शोधसुद्धा घेतलेला नसतो. हुंड्यापायी लग्न न जमलेल्या त्या मुली कुणालाच नको होत्या, हे बघताना माझ्या घशाशी आलं. आणि तिच्याबद्दल मैत्रिणींचं मत काय? "खुनी लवकर कळतो गं, सस्पेन्स नाही."

हे मत टीव्हीपुरतं राहत नाही, म्हणून मी चिडले आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीत एक सून गेली. कशी ते अजून नीट कळलेलं नाही. आम्ही चार बायका फाटकाशी उभ्या राहून अंदाज बांधत होतो. नवरा असेल का, की दीर? "ज्याच्यावर संशय येत नाही तोच शेवटी निघतो," हे वाक्य माझं होतं. मग मागे बघितलं, तर त्या मुलीची आई रिक्षातून उतरून पैसे देत उभी होती. तिने ऐकलं असणार. ती काहीच बोलली नाही, पिशवी उचलून आत गेली.

रोज दोन वेळा प्रतिक्रमण करते मी, पण त्या वाक्याचं अजून झालेलं नाही. परवा क्षमावाणी आहे. फोनवर शंभर जणांना 'क्षमा असावी' पाठवण्याआधी मी त्या माऊलीकडे जाणार आहे. त्या दिवशी फाटकाशी माझ्याबरोबर ज्या होत्या त्या हे वाचतीलच. सकाळी सामायिक झालं की साडेआठला बस्तीपासून निघू.