दौलतजादा आणि घरचा मान

शिरूरहून न्हावरें, केडगांव करीत दक्षिणेकडे निघालें, म्हणजे चौफुल्यास पुणें-सोलापूर रस्ता लागतो. दौंड तालुक्यांतील हें ठिकाण तेथील कलाकेंद्रांमुळें दूरवर प्रसिद्ध आहे. संगीतबारीची लावणी ऐकण्यास लोक लांबून येतात. आमच्या पुष्कळ वाचकांस या विषयाचें नांवहि घरांत काढणें रुचणार नाहीं. परंतु वडील माणसें ज्याबद्दल मौन धरतात, तें तरुणांस बाहेरचीं माणसें शिकवितात. म्हणून या महिन्यांत आम्ही तोच विषय हातीं घेतला आहे.

बैठकींत गिऱ्हाईक नोट पुढें करतो, आपल्या आवडीची लावणी मागतो आणि चारचौघांत त्याचें नांव गाजतें. यास दौलतजादा म्हणतात. शेजारच्यानें दुप्पट रक्कम काढली, कीं पहिल्यास चैन पडत नाहीं. मुंबईच्या डान्सबारांत ढोलकी गेली, सिनेमाचीं गाणीं आलीं, सोबत मद्य आलें. पण नोटांची ही चढाओढ तशीच राहिली.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपली हकीकत आम्हांस सांगितली. तिशी उलटली तरी वडील त्याच्या हातीं गल्ल्याची किल्ली देत नसत. बारच्या दारावरचा माणूस मात्र त्यास पाहतांच 'शेठ' म्हणून सलाम करी. नाच कसा होता, हें त्यास आज नीटसें आठवत नाहीं. तो सलाम आठवतो. त्या सलामापायीं सहा महिन्यांत पत्नीच्या पाटल्या मोडल्या गेल्या.

सरकारनें यावर उपाय योजिले नाहींत असें नाहीं. २००५ सालीं मुंबई पोलीस कायद्यांत दुरुस्ती करून बारमधील नृत्यास बंदी झाली. तीन तारांकित व त्यांवरील हॉटेलें मात्र मोकळीं ठेविलीं. लहान जागीं जें पाप, तें मोठ्या जागीं करमणूक, हा भेद मुंबई उच्च न्यायालयानें २००६ मध्यें अमान्य केला. बंदीनें नर्तकींच्या उपजीविकेवर घाला येतो, हेंहि न्यायालयानें दाखविलें. २०१३ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. पुढें २०१६ मध्यें नवा कायदा आला. त्यांतील कित्येक अटी १७ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केल्या. नोटा उधळण्याची मनाई राहिली. बक्षीस देण्यास हरकत उरली नाहीं. आंत सीसीटीव्ही कॅमेरे लावण्याची सक्ती खासगीपणाच्या हक्काविरुद्ध म्हणून गेली.

म्हणजे गिऱ्हाइकानें हात कसा आवरावा, एवढें कायदा सांगूं शकतो. तो तेथें कां जातो, हें विचारण्याचा अधिकार कायद्यास नाहीं. तो घरास आहे.

घर मात्र बहुधा सगळा दोष नर्तकीवर ठेवून मोकळें होतें. शूद्रकाच्या 'मृच्छकटिकां'तील वसंतसेना आपले अलंकार चारुदत्ताच्या मुलाच्या मातीच्या गाडींत भरते, तेव्हां आम्ही तिचें औदार्य वाखाणतों. ती गणिकाच होती, याचा तेवढा वेळ विसर पडतो. आजच्या नर्तकीच्या मिळकतीवर कोणाकोणाचे संसार चालतात आणि त्या संसारांत तिला काय भोगावें लागतें, हें ज्यांस समजून घ्यावयाचें असेल, त्यांनीं किशोर शांताबाई काळे यांचें १९९४ सालीं प्रसिद्ध झालेलें 'कोल्हाट्याचं पोर' वाचावें. तिरस्कार करणें मग इतकें सोपें राहत नाहीं.

एकत्र कुटुंबांतील कर्त्या पुरुषांस आमची दोनच मागणीं आहेत. मिळवत्या मुलास हिशेब विचारतां, तसा सल्लाहि विचारीत जा. घरीं ज्यास मान मिळतो, त्यास तो बाहेर विकत घेण्याची निकड कमी भासते. दुसरें असें, कीं खिसा रिकामा होऊं लागला याचा पहिला सुगावा सुनेस लागतो आणि बोलण्याची मुभा घरांत तिलाच सर्वांत कमी असते. सासूबाईंनीं एखाद्या दुपारीं तिला जवळ बसवून, "घरखर्चाला पुरतें ना ग?" एवढें विचारावें, आणि ती बोलूं लागली तर मध्यें मुलाची बाजू घेऊं नये. पाटल्या मोडण्यापूर्वीं हा प्रश्न झाला असता, तर आमच्या विद्यार्थ्याचें घर त्या सहा महिन्यांतून वांचलें असतें.